अवघड जागेचं दुखणं



या व्याख्यानासाठी मी विषय कळवला त्याच संध्याकाळी संयोजकांपैकी एकाचा मला फोन आला. "सर, विषय महत्त्वाचाच आहे, पण आपल्याकडे मायबहिणी येतात, कॉलेजची पोरंपोरी येतात. पत्रिकेवर नुसतं 'एक नवा साथीचा आजार' एवढंच छापलं तर चालेल का?" त्यांचा हेतू चांगला होता. तरीही मी आग्रह धरला की विषय पूर्ण छापा : मंकीपॉक्स आणि पुरुषांची जननेंद्रियं व मूत्रमार्ग. त्यांनी तसा तो छापला, याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे. मला आज जे सांगायचं आहे त्यातलं निम्मं त्या फोनमध्येच आलेलं होतं. या आजारात काही नुकसान विषाणू करतो, आणि बाकीचं आपण त्या जागेचं नाव घेत नाही म्हणून होतं.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी आपली म्हण आहे. लोक ती हसत म्हणतात. मला ती नेहमी फार खरी वाटत आली आहे. दुखणं असतं, डॉक्टरही घरातच असतो, आणि तरी सांगता येत नाही. पस्तीस वर्षं मी या वर्धा जिल्ह्यात मूत्रविकाराचे रुग्ण पाहिले. आर्वी, आष्टी, कारंजापासून हिंगणघाट, समुद्रपूरपर्यंत आठही तालुक्यांतले पुरुष माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. खरं दुखणं पहिल्याच वाक्यात सांगणारे मला बोटांवर मोजण्याइतके भेटले. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "काही नाही जी, उन्हाळी लागली." आपल्या वऱ्हाड-वर्ध्याच्या उन्हात उन्हाळी खरोखरच लागते. लघवीला जळजळ होते, मग घरी सब्जा भिजतो, धन्याचं पाणी होतं. पण त्याच शब्दाच्या आड परमा, म्हणजे गनोरिया, लपतो, मूतखडा लपतो, प्रोस्टेट लपतं, आणि उद्या मंकीपॉक्सही लपेल. 'गरमी' या शब्दाचंही तसंच. अंगात उष्णता झाली तरी गरमी, आणि जुन्या लोकांच्या बोलण्यात सिफिलिस म्हणजेही गरमी. भावमिश्राने सोळाव्या शतकात आपल्या ग्रंथात या रोगाला 'फिरंग' म्हटलं, कारण तो फिरंग्यांबरोबर आला. ज्या आजाराची लाज वाटते, त्याला माणूस परक्याचं नाव देतो, नाहीतर ऋतूचं.

मंकीपॉक्सच्या नावाचीही अशीच कथा आहे. १९५८ मध्ये कोपेनहेगनच्या एका प्रयोगशाळेत, संशोधनासाठी आणलेल्या माकडांच्या अंगावर फोड उठले आणि त्यांत हा विषाणू सापडला. म्हणून नाव माकडाचं पडलं. खरं तर माकड हे त्याचं घर नव्हे. तो आफ्रिकेच्या जंगलातल्या खारी-उंदरांसारख्या लहान प्राण्यांत राहतो, असा अंदाज आहे. माणसात तो पहिल्यांदा ओळखला गेला १९७० मध्ये, काँगोतल्या नऊ महिन्यांच्या एका बाळात. नावावरून माणसांची हेटाळणी होते म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला 'एमपॉक्स' म्हणायचं ठरवलं. आपल्याकडे एक वेगळाच घोळ होतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे 'माकडताप' म्हणतात तो आजार निराळा. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि त्याचा मंकीपॉक्सशी काही संबंध नाही.

याचं खरं नातं देवीशी आहे. विषाणूंच्या कुळात देवी आणि मंकीपॉक्स ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं. माझ्या वयाच्या श्रोत्यांनी आपापल्या दंडावर किंवा मनगटाच्या वर हात फिरवून पाहावा. तिथे चवलीएवढा, खळगेदार, किरणांसारख्या रेघा असलेला व्रण असेल, तर तो देवीच्या टोचणीचा. तरुणांच्या डाव्या दंडावर जो लहान व्रण दिसतो तो बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा. दोन्हींत गल्लत करू नका. हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी मुंबईत, तीन वर्षांच्या एका मुलीला. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. त्याच सुमारास टोचणी थांबली. त्या लशीने मंकीपॉक्सपासूनही बरंच संरक्षण मिळत असे. म्हणजे आज ज्यांचं वय पंचेचाळीसच्या आत आहे, त्यांच्या अंगात या कुळातल्या कुठल्याच विषाणूची ओळख नाही. देवी गेली त्याची ही किंमत आहे, आणि ती देण्याजोगीच होती.

इथे एक गोष्ट वर्ध्यात उभं राहून बोललीच पाहिजे. बापूंचा, म्हणजे गांधीजींचा, देवीच्या लशीला विरोध होता आणि त्यांनी तो लिहूनही ठेवला आहे. ती त्यांची चूक होती. सेवाग्रामच्या मातीतून मला जे मिळालं त्याबद्दल थोड्या वेळाने बोलणार आहे. त्याआधी हे सांगितलं नाही, तर पुढचं बोलण्याचा मला अधिकार राहणार नाही.

आता मुख्य विषयाकडे येतो.

२०२२ पर्यंत पुस्तकात मंकीपॉक्सचं वर्णन असं असायचं : आधी ताप, अंगदुखी, गळ्याला-जांघेला गाठी, आणि मग चेहऱ्यावर, हातापायांवर, तळव्यांवर फोड. २०२२ च्या मे महिन्यात युरोपात जे रुग्ण येऊ लागले त्यांचं चित्र पुस्तकाशी जुळेना. सोळा देशांतल्या ५२८ रुग्णांचा एक अभ्यास त्याच वर्षी जुलैमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०० पैकी ७३ जणांचे फोड जननेंद्रियांवर किंवा गुदद्वाराशी होते. निम्म्याहून अधिक लोकांच्या अंगावर दहापेक्षा कमी फोड होते, आणि दहातल्या एकाला तर जननेंद्रियावर फक्त एकच व्रण होता. लंडनच्या एका केंद्रातल्या १९७ पुरुषांपैकी ३१ जणांच्या शिश्नाला सूज होती. म्हणजे ज्याला आपण साथीचा पुरळ समजत होतो, तो आजार मूत्ररोगतज्ज्ञाच्या आणि गुप्तरोगाच्या ओपीडीत येऊन बसला.

असं का झालं? जुन्या काळी, लस येण्यापूर्वी, आपल्याकडे टीकादार गावोगाव फिरून देवी काढत. देवीच्या खपलीचा अंश दंडावर चिरा पाडून भरत. जिथे चीर, तिथेच पहिला फोड यायचा. ताप नंतर. मंकीपॉक्सचंही तसंच. विषाणू जिथल्या कातडीतून शिरतो तिथे आधी उगवतो. शरीरसंबंधात कातडी कातडीवर घासली जाते, नाजूक अस्तराला डोळ्याला न दिसणारे ओरखडे पडतात, आणि तिथेच पेरणी होते. साधारण आठवड्याभरात, कधी तीन दिवसांत तर कधी एकवीस दिवसांनी, तिथे लाल चट्टा येतो, त्याची टणक पुळी होते, पुळीत आधी पाणी आणि मग पुवासारखं घट्ट द्रव्य भरतं. फोडाच्या मध्यभागी बेंबीसारखा खळगा पडतो. मग खपली. ती पडून खाली नवी कातडी येईपर्यंत दोन ते चार आठवडे जातात, आणि तोवर तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो.

याबरोबर जांघेत गाठी येतात. आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे : अवधाण. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतं. मग पायाला जखम नसताना जांघेत अवधाण आलं, तर जखम कुठे आहे हे स्वतःलाच विचारावं लागतं. देवीत अशा गाठी ठळकपणे येत नसत, मंकीपॉक्समध्ये येतात. डॉक्टरला ओळखायला ही मोठी खूण आहे.

शिश्नाची कातडी शरीरावरच्या इतर कातडीसारखी नसते. ती सैल असते, तिच्याखाली चरबी जवळजवळ नसते, म्हणून जरा दाह झाला की तिच्यात पाणी भरतं. तळव्यावर फोड आला तर तळवा फुगत नाही. इथे एका फोडानेही सगळं इंद्रिय दुप्पट सुजू शकतं. सूज पुढच्या कातडीत उतरली की कातडी मागे सरकत नाही. आत लघवीचे थेंब साचतात, पू साचतो, आणि त्यावर दुसरे जंतू वाढतात. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे धुण्यासाठी किंवा औषध लावण्यासाठी कातडी मागे घेतली आणि ती तशीच राहिली. मग ती इंद्रियाच्या मानेशी दोरीसारखी आवळते. रक्त आत येत राहतं, पण परत जायला वाट उरत नाही. पुढचा भाग सुजतो, निळसर पडू लागतो. ही तासांची बाब असते, दिवसांची नाही. वेळेत आला तर हाताने हळूहळू सूज दाबून कातडी पुढे आणता येते. नाहीच आली तर एक छोटा छेद द्यावा लागतो. दोन दिवस घरी बसून आला तर कधी कधी कातडी गेलेली असते.

फोड मूत्रद्वाराच्या तोंडाशी किंवा आत आला तर लघवीला आग होते, धार फुटते, कधी मूत्रमार्गातून पूही येतो. तो हुबेहूब परम्यासारखा दिसतो. फोड बाहेर नसेल तर तिथे चांगला डॉक्टरही चुकेल. दाह वाढला की लघवी तुंबते. तुंबलेल्या लघवीचं दुखणं ज्याने भोगलं आहे त्याला सांगायला नको. ओटीपोटात नारळाएवढा गोळा हाताला लागतो, माणूस बसू शकत नाही, झोपू शकत नाही. अशा सुजलेल्या मार्गातून नळी घालायची म्हणजे जखमेवरून नळी ओढायची, म्हणून कित्येकदा ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालावी लागते. गुदद्वारात फोड असतील तर वेदना याहूनही तीव्र असतात. त्या ५२८ जणांत जे रुग्णालयात दाखल झाले, त्यांतले सर्वाधिक फक्त वेदना सहन होईना म्हणून दाखल झाले. जीव धोक्यात होता म्हणून दाखल झालेले थोडे. आणि बरं झाल्यावरही मूत्रद्वार व्रणाने अरुंद होऊ शकतं, कातडी कायमची आखडू शकते. धार बारीक होणं, दोन धारा होणं, लघवीला वेळ लागणं अशी तक्रार महिन्या-दोन महिन्यांनी उभी राहिली, तर पुन्हा दाखवायला यायला हवं.

वीर्यातही या विषाणूचे अंश सापडले आहेत. ते संसर्ग पसरवायला पुरेसे असतात का, याचा निकाल एका वाक्यात देता येत नाही. म्हणून बरं झाल्यावरही बारा आठवडे निरोध वापरावा, असा सल्ला आहे. आजार अंगावर असताना मात्र निरोधावर विसंबू नये. फोड जांघेवर, वृषणांवर, ओटीपोटावर असतात, आणि निरोध त्यांना झाकत नाही.

आता एक रुग्ण सांगतो. हा मंकीपॉक्सचा नव्हता. ही गोष्ट त्या साथीच्या कितीतरी आधीची.

मे महिना होता, दुपारचे दोन वाजले असतील. चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण, हिंगणघाटकडे जिनिंगमध्ये मजुरी करणारा, पाय फाकवून चालत, लुंगी दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून आत आला. ओठ कोरडे पडून फुटलेले. म्हणाला, "उन्हाळी लागली जी." मी पडदा ओढला. आत हळद आणि चुन्याचा वाळलेला लेप होता, त्यावर धोतराच्या फडक्याची पट्टी घट्ट बांधलेली. पट्टी सुटेना. कोमट मिठाच्या पाण्याने ती भिजवत भिजवत काढायला आम्हाला अर्धा तास लागला. आत पुढची कातडी मागे अडकून बसली होती आणि पुढचा भाग वांग्यासारखा झाला होता. मी विचारलं, "पाणी कधी प्यायलास?" तो म्हणाला, "काल राती. पाणी पेलं की मुतायले लागते, अन् मुतलं की जीव जाते." पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्याने सतरा-अठरा तास पाणी टाकलं होतं.

त्याचा मूळ आजार जननेंद्रियावरची नागीण होता, म्हणजे हर्पिस. आठ दिवसांपूर्वी चार-पाच बारीक फोड आले होते. तेव्हा तो एका दवाखान्यात गेलाही होता. तिथे कागद करणाऱ्याने बायाबापड्यांच्या रांगेसमोर मोठ्याने विचारलं, "काय झालं? कुठं झालं?" तो म्हणाला, "ताप हाय," आणि तापाच्या गोळ्या घेऊन घरी आला. मग कुणी सांगितलं म्हणून चुना लावला. हे सगळं त्याने मला पट्टी भिजत असताना, छताकडे बघत सांगितलं. एका क्षणी माझा हात धरून म्हणाला, "घरी नका सांगू जी."

विषाणूने त्याला चार फोड दिले होते. चुना, पट्टी, तहान आणि ते आठ दिवस ही त्याच्या एकांताची देणगी होती. मंकीपॉक्सच्या बातम्या वाचायला लागलो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा तो आला.

कारण मंकीपॉक्सवर आजही हमखास औषध नाही. टेकोव्हिरिमॅट नावाच्या औषधाकडून फार आशा होत्या. काँगोमध्ये त्याची काटेकोर चाचणी झाली आणि २०२४ मध्ये निकाल आला : औषधाने फोड लवकर बरे झाले नाहीत. पण त्या चाचणीत दुसरी एक गोष्ट दिसली, आणि ती मला औषधापेक्षा मोठी वाटते. चाचणीतल्या रुग्णांचा मृत्युदर १.७ टक्के राहिला. त्या देशात एरवी या आजाराने जे मृत्यू होतात, त्यांचं प्रमाण ३.६ टक्के किंवा त्याहून जास्त असतं. औषध घेणारे आणि साखरेची गोळी घेणारे, दोन्ही गटांतले लोक जास्त वाचले. का? त्यांना दाखल करून घेतलं, जखमा साफ केल्या, खाऊपिऊ घातलं, दुखणं कमी केलं, दुसरा जंतुसंसर्ग झाला की तो पकडला. आपल्या भाषेत याला शुश्रूषा म्हणतात.

शुश्रूषेचा विषय निघाला की वर्ध्याच्या माणसाला परचुरेशास्त्री आठवलेच पाहिजेत. संस्कृतचे पंडित, कवी, येरवड्याच्या तुरुंगात बापूंसोबत असलेले. अंगावर कुष्ठ. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला आले, आणि बापूंनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी कुटी बांधवली. रोज ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. तो फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. मला त्या फोटोत बापूंच्या हातांपेक्षा शास्त्रीबुवांची पाठ जास्त दिसते. कुणीतरी स्पर्श करतंय म्हणून सैल सोडलेलं ते शरीर. त्याआधी, १९३६ मध्ये, मनोहरजी दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेने दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं होतं. पुढे १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं, आणि डॉ. वारदेकरांनी इथूनच एक पद्धत घडवली : घरोघर जाऊन पाहणी, लोकशिक्षण आणि घरी राहून उपचार. त्यापूर्वी कुष्ठरोगी म्हणजे वेगळ्या वस्तीत नेऊन टाकायचा माणूस होता. या पद्धतीत कार्यकर्ता त्याच्या दारात गेला. १९६९ मध्ये सुशीला नय्यरांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं, त्यामागेही हीच समज होती की डॉक्टरने गावात जायचं.

मी हा इतिहास अभिमानासाठी सांगत नाही. कातडीवरचा डाग आणि त्याची लाज हा प्रश्न या जिल्ह्याने एकदा हातात घेतला होता. कुष्ठाचा डाग चेहऱ्यावर, हातावर असायचा, तो लपत नसे. मंकीपॉक्सचा डाग लुंगीखाली असतो. तिथे घरोघर पाहणी करता येत नाही. मग काय करता येईल?

एक तर खोटी समजूत खोडून काढता येईल. २०२२ ची लाट जगभर मुख्यतः पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत पसरली, हे खरं आहे आणि ते झाकू नये. झाकलं तर ज्यांना सर्वाधिक धोका आहे त्यांच्यापर्यंत सूचना पोचणार नाही. पण त्यावरून 'हा त्यांचा आजार' असं म्हणणं चूक आहे. २०२३ मध्ये काँगोच्या कामितुगा या सोन्याच्या खाणीच्या गावात जी नवी साथ सुरू झाली, ती स्त्रीपुरुषांच्या संबंधांतून पसरली. रुग्णांत जवळजवळ निम्म्या बायका होत्या आणि बहुतेकांचे फोड जननेंद्रियांवरच होते. भारतात पहिला रुग्ण १४ जुलै २०२२ रोजी केरळात नोंदला गेला, आखातातून आलेला. त्याच महिन्यात दिल्लीत सापडलेला पहिला रुग्ण मात्र परदेशी गेलेलाच नव्हता. आपल्या महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२५ मध्ये धुळ्याला सौदी अरेबियातून परतलेल्या एकात हा आजार आढळला. नमुना तपासला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. याच संस्थेने २०२२ मध्ये रुग्णाच्या नमुन्यातून हा विषाणू वेगळा काढला होता. धुळं वर्ध्यापासून फार लांब नाही, आणि मुंबई-नागपूर रेल्वे तर आपल्या स्टेशनातूनच जाते.

दुसरं, आपल्या सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक असतं हे कितीजणांना ठाऊक आहे? गुप्तरोगांची तपासणी आणि औषधं तिथे फुकट मिळतात, समुपदेशक असतो, नाव गुप्त राहतं. तिथली औषधं रंगीत डब्यांत येतात. मूत्रमार्गातून पू येत असेल तर करडा डबा, व्रण असेल तर पांढरा, हर्पिसला लाल, जांघेत गाठ आली असेल तर काळा. तपासणीची वाट न पाहता लक्षणावरून उपचार करायचे, ही पद्धत आपल्यासारख्या देशात फार उपयोगी ठरली. पण मंकीपॉक्स या कुठल्याच डब्यात बसत नाही. तो पूही देतो, व्रणही देतो, गाठही देतो, आणि त्याच्यासोबत सिफिलिस किंवा परमाही असू शकतो. म्हणून माझं तरुण डॉक्टरांना सांगणं आहे : डबा दिल्यावर आठवड्याभरात व्रण बरा झाला नाही, किंवा फोडाला बेंबीसारखा खळगा दिसला, तर फोडाचा स्वॅब पाठवा. आणि प्रत्येकाची एचआयव्हीची तपासणी करा. ज्याची प्रतिकारशक्ती एचआयव्हीने फार खालावलेली असते, त्याच्यात मंकीपॉक्स कातडी खात जातो. प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी ३५० पेक्षा कमी असलेल्या ३८२ रुग्णांच्या एका अभ्यासात २७ जण दगावले, आणि त्या सत्तावीसही जणांच्या पेशी २०० च्या आत होत्या. ज्यांच्यावर एचआयव्हीचे उपचार नीट चालू असतात त्यांना एवढं भ्यायचं कारण नाही. घाबरायचं ते तपासणी न करण्याला.

घरी काय करायचं तेही सांगतो, कारण पहिले दोन दिवस माणूस घरीच असतो. साध्या स्वच्छ पाण्याने धुवा, साबण-डेटॉल नको. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून टबात बसा. लघवीला आग होत असेल तर त्या पाण्यात बसूनच लघवी करा, आग कमी होते. पाणी सोडू नका, भरपूर प्या. पातळ लघवी कमी जळते, घट्ट लघवी जास्त जळते. सैल सुती कपडे घाला. जांघेचे केस काढू नका, वस्तऱ्याने फोड पसरतात. कातडी मागे घेतली तर धुऊन झाल्यावर लगेच पुढे आणा. मेडिकलमधून खाजेचं मलम मागून आणू नका. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉईड असतं, आणि अशा फोडांवर ते लावणं म्हणजे विषाणूचं काम सोपं करणं. कपडे, चादर, टॉवेल वेगळे ठेवा, झटकू नका, गरम पाण्यात भिजवा. आणि कातडी मागे अडकली, लघवी तुंबली किंवा सूज तासागणिक वाढत असेल, तर रात्र आहे, उद्या पाहू, असं म्हणू नका.

आणखी एक विनंती बायकांना. घरातला पुरुष चार दिवस वेगळा झोपतोय, लुंगी स्वतः धुतोय, पाणी कमी पितोय, चालताना जपतोय, हे तुमच्या नजरेतून सुटत नाही. तेव्हा आधी आजाराचं विचारा. बाकीचे प्रश्न खरे आहेत, तुमचा त्यांवर हक्कही आहे, आणि तपासणी तुम्हालाही करून घ्यावी लागेल. पण पहिला प्रश्न आजाराचा असला, तर तो उत्तर देईल.

त्या जिनिंगवाल्या तरुणाचं सांगायचं राहिलं. कातडी हातानेच पुढे आली, छेद द्यावा लागला नाही. संध्याकाळपर्यंत त्याला तीन लिटर पाणी पाजलं, काही शिरेतून, काही तोंडाने. रात्री नऊला तो स्वतः उठून लघवीला गेला आणि परत येऊन नर्सबाईंना म्हणाला, "झाली जी." त्या वॉर्डात त्या दिवशी सगळ्यांना ते कळलं, आणि कुणालाच त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. पाच दिवसांनी तो घरी गेला.

पंधरा दिवसांनी तपासायला आला तेव्हा जखम भरली होती. मी त्याला दाखवलं कातडी कशी धुवायची, काय जपायचं. चिठ्ठी लिहून दिली. तो उठेना. मला वाटलं लग्नाचं विचारायचं असेल, बहुतेक पोरं शेवटी तेच विचारतात. तो दाराकडे बघत म्हणाला, "बाहेर माया भाऊ बसला हाय जी. तो येत नव्हता. म्या आणलं त्याले. पडदा लावून पहा."

मी उठून पडदा ओढला आणि म्हटलं, "बोलाव त्याला."